पाहुण्यांसाठी नटलेला रस्ता

मित्रांनो, मी एक जुना रस्ता आहे. डांबराचा नाही आणि सिमेंटचा तर मुळीच नाही. खडी आणि मुरूम, बस्स. वेसवाडी या लहानशा गावापासून पाचोडपर्यंत नऊ किलोमीटर मी नदीच्या काठाकाठाने जातो. पूर्वी नकाशात मी नुसती एक तुटक रेघ होतो. आता शहरातल्या लोकांच्या मोबाईलमध्ये मी जाडजूड नारंगी दिसतो म्हणे, आणि माझ्या नावापुढे पाच चांदण्या आहेत. त्या चांदण्या मिळाल्या तेव्हा मी फार फुगलो होतो. पुढे काय झाले ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो.

माझा जन्म बाहत्तरच्या दुष्काळातला. त्याआधी इथे नुसती गाडीवाट होती. पैठणच्या बाजूने येणारे व्यापारी वेसवाडीच्या दगडी वेशीत मुक्काम करत, बारवेचे पाणी पीत आणि पुढे जात, असे जुनी माणसे सांगत. मला आठवते ती हातोड्यांची टकटक. टेकडीचा दगड आणून बायका रांगेने बसून फोडत होत्या. कामावर मजुरीबरोबर खायला सुकडी मिळायची, म्हणून गावेच्या गावे खडी फोडत होती. त्या बायकांत गोजरबाई होती. एकोणीस वर्षांची, नुकतीच लग्न होऊन आलेली. हाताला फोड आले की ती चिंधी गुंडाळायची आणि पुन्हा हातोडी उचलायची. बाकीच्या जणी दगड कसाही टाकून मोकळ्या व्हायच्या. गोजरबाई मात्र तो फिरवून फिरवून नीट बसवायची.

"अगं, टाक की कसाबी," शेजारीण म्हणायची. "आपल्याला का मोटारीत बसून जायचंय हितून?"

"आपून नाय तर आपली लेकरं जातील की," गोजरबाई म्हणायची.

ते बोलणे माझ्या अंगात खडीबरोबरच बसले. मी तेव्हा कोवळा होतो. मला वाटले, आता दोन-चार वर्षांत मोटारी येणार.

मोटारी काही आल्या नाहीत, पण मी रिकामाही बसलो नाही. कापसाच्या बैलगाड्या गेल्या. पाचोडच्या बाजाराच्या दिवशी शेळ्या, कोंबड्या, भांडणे, हसणे, सगळे माझ्यावरून गेले. वेशीजवळ इलियासभाईचे सायकलचे दुकान आहे. त्याचे वडील तासाच्या भाड्याने सायकली देत, आणि अर्धे गाव माझ्यावरच पडून-झडून सायकल शिकले. कितीतरी गुडघ्यांचे कातडे माझ्याकडे जमा आहे. पुढे वाळूचे ट्रॅक्टर आले आणि त्यांनी माझी कंबरच मोडली. डांबरासाठी दोनदा मोजणी झाली, दोनदा माणसे फीत गुंडाळून परत गेली. मधल्या ओढ्यावर तर मी रस्ता राहिलोच नाही. पावसाळ्यात तिथे काळ्या मातीचा चिखल असतो, आणि तो चिखल एकदा धरला की सोडत नाही.

तरी मी कुरकुर केली नसती. पण मग सरिता मोठी झाली.

सरिता ही गोजरबाईची नात. तिचा बाप सोमनाथ चितेगावच्या कारखान्यात कामाला आहे, आठवड्याला घरी येतो. सरिता लहान असतानाच तिची आई गेली, त्यामुळे घरात आजी आणि नात दोघीच. निळ्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. गोजरबाईला अक्षर येत नाही, पण त्या फोटोखाली बसून सरिता वाचायला लागली की म्हातारी शेजाऱ्यांनासुद्धा मोठ्याने बोलू देत नाही. सरिता दहावी चांगल्या गुणांनी पास झाली आणि अकरावीला पाचोडला जाऊ लागली. वेसवाडीतून कॉलेजला जाणारी ती एकटीच मुलगी.

माझ्यावरून ती शाळेतून मिळालेल्या सरकारी सायकलने जायची. कोरडे असले की चाळीस मिनिटे. ओले झाले की मडगार्डात चिखल भरून चाक जाम व्हायचे आणि ती ओढ्यावरून परत फिरायची. इलियासभाईने एक दिवस पान्हा घेऊन तिच्या सायकलचे दोन्ही मडगार्ड काढूनच टाकले.

"ले बेटी," तो म्हणाला. "कपडे घाण होतील, पर चाक फिरंल."

चाक थोडे जास्त फिरले, पण फार नाही. खेड्यातल्या मुलींना शाळा-कॉलेजला फुकट नेणारी सरकारी निळी बस असते, तिच्यासाठी गावाने अर्ज केला. डेपोचा माणूस आला, ओढ्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "बस हाय. पण या गाऱ्यात ड्रायव्हर काय गाडी घालणार नाय. डांबर पडू द्या, दुसऱ्या दिवशी बस सुरू करतो." म्हणजे सगळे माझ्यावर येऊन ठेपले. मला डांबर मिळाले तर सरिताला बस, आणि बस मिळाली तर तिचे कॉलेज.

अशात एका थंडीच्या सकाळी अतुल आला. शहरातला इंजिनिअर, डोक्यावर हेल्मेट, आणि खाली रुंद चाकांची अशी सायकल की चाक आणि दांडा यांच्यामध्ये बोट घालायला जागा होती. तो सावकाश माझ्यावरून गेला, नदीच्या वळणावर थांबला, बारवेत उतरला, वेशीला हात लावून आला. मग चक्क खाली बसून त्याने माझी खडी हातात घेतली.

"काय रस्ता आहे!" तो म्हणाला. "असा ग्रॅव्हल रूट, असा खडीचा रस्ता शोधत वर्ष गेलं माझं."

मित्रांनो, पन्नास वर्षांत मला कुणी असे म्हटले नव्हते. लोक माझ्यावरून जाताना शिव्याच घालतात. माझी छाती फुगली. इलियासभाई त्या सायकलभोवती दोन चकरा मारून आला आणि त्याने विचारले, "साहब, इत्ती महंगी सायकल, और चलाने कू ये रोड? तुमच्याकडं डांबराची सडक नाय का?" अतुल खूप हसला. गोजरबाईने त्याला चहा दिला, वर चार पेरूही दिले. त्याच आठवड्यात मी मोबाईलमध्ये नारंगी झालो.

मग दर रविवारी सायकलवाले येऊ लागले. जानेवारीत अतुलने मोठी फेरी ठरवली. ऐंशी सायकली, आणि त्यांच्यात एक मोठे साहेबही येणार होते. साहेब सायकलचे शौकीन. आणि जिल्ह्यात कोणत्या रस्त्याला आधी डांबर द्यायचे त्या यादीवर त्यांची सही लागते, असे कळले.

सरपंच अप्पारावांनी वेशीत गाव जमवले. "हे बगा," ते म्हणाले, "साहेब सोता सायकलवर बसून आपल्या रस्त्यानं यायलेत. असा मोका परत यायचा नाय. त्यांना खड्डे दाखवू, ओढा दाखवू, आन अर्ज हातात देऊ." सगळ्यांनी माना डोलावल्या. गोजरबाईनेही डोलावली.

एवढे ठरले होते. आणि दुसऱ्या दिवशी काय झाले असेल?

पाहुणे येणार म्हटल्यावर वेसवाडीच्या माणसांना स्वस्थ बसवेना. आधी कुणीतरी आपल्या दारापुढचा खड्डा बुजवला. शेजाऱ्याला ते बघवेना, म्हणून त्याने आपल्यापुढचा बुजवला. मग पोरे टोपल्या घेऊन आली. "ओढ्यात साहेब पडले तर तोंड काळं व्हईल गावाचं," असे म्हणत खुद्द अप्पारावांनीच ट्रॅक्टर काढला आणि मुरूम आणला. इलियासभाईने दुकान बंद ठेवले आणि सगळ्यांबरोबर पाट्या उचलल्या. आणि गोजरबाई! बाहत्तर वर्षांची म्हातारी हातोडी घेऊन ओढ्यावर बसली आणि खडी फोडायला लागली. दगड फिरवून फिरवून बसवायला लागली. तीन दिवस. अर्ज लिहायचा होता तो अप्पारावांनी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घाईघाईत लिहिला.

आणि मी? मी काय करत होतो? मी नटत होतो. खरे सांगतो, मला फार बरे वाटले. पन्नास वर्षांनी कुणी अंगावरून हात फिरवत होते. फेरीच्या सकाळी बायकांनी दारापुढे सडे टाकले, रांगोळ्या काढल्या, वेशीला आंब्याच्या पानांचे तोरण बांधले. ऐंशी सायकली आल्या आणि मी सगळे अंग आवळून धरले. एक खडा घसरू दिला नाही. एखादेच चाक घसरू दिले असते तर चालले असते. साहेबांचे घसरू दिले असते तर फारच चांगले झाले असते. पण पाहुण्यांपुढे आपली शोभा होऊ नये, एवढेच माझ्या डोक्यात होते. गावाच्या डोक्यात होते तेच माझ्याही होते.

साहेब वेशीत उतरले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. माणूस वाईट नव्हता. "सुंदर!" ते म्हणाले. "नदीकाठचे असे रस्ते आता राहिलेत कुठे? तुम्ही फार छान जपलाय." अप्पारावांनी शाल घातली, नारळ दिला. पाहुणा एवढा खूश असताना गाऱ्हाणे कसे मांडायचे, म्हणून अर्ज त्यांनी नारळाखाली ठेवून हळूच हातात दिला. तोंडाने एक शब्द काढला नाही. सरिता बाजूला उभी होती. तिने आजीकडे पाहिले, आणि आजी कौतुकाने माझ्याकडे पाहत होती.

दीड महिन्याने पत्र आले. इलियासभाईच्या दुकानात अप्पारावांनी ते मोठ्याने वाचले. सदर रस्ता प्रत्यक्ष पाहणीत सुस्थितीत आढळून आल्याने अधिक खराब रस्त्यांना प्राधान्य देण्यात येत आहे. 

"सुस्थितीत म्हंजी?" गोजरबाईने विचारले.

"म्हंजी चांगला हाय," अप्पाराव खाली बघत म्हणाले. "आपूनच केला की चांगला."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझी खडी नकोशी झाली.

पावसाळ्यात तो तीन दिवसांचा मुरूम दोन पावसांत नदीत गेला. ओढा पुन्हा पूर्वीसारखा झाला. सरिता आता बारावीत होती. जुलैत तिचे अकरा दिवस बुडाले. चाचणी परीक्षेच्या सकाळी ती निघाली, ओढ्यात गुडघाभर रुतली, सायकल काढायला अर्धा तास लागला, आणि ती पोचली तेव्हा पेपर संपत आला होता. हजेरी भरली नाही तर बारावीच्या परीक्षेला बसता येणार नाही, असे कॉलेजातून सांगण्यात आले. त्या रविवारी सोमनाथ घरी आला. तो ओरडला नाही. नुसता म्हणाला, "दिवाळीपातूर बगू. बस आली तर ठीक. नाय तर मग घरीच ऱ्हा. रोज गाऱ्यात लोळून काय शिकतीस?"  दुसऱ्या दिवशी सरिता नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर निघाली.

भाद्रपदात एकदा अतुल एकटाच आला. त्याला पावसातला हिरवा नदीकाठ बघायचा होता. ओढ्यापाशी त्याचे ते रुंद चाकही जाम झाले. तो काडीने चिखल काढत बसला असताना समोरून सरिता आली. सायकल खांद्यावर, चप्पल हातात, दप्तर डोक्यावर बांधलेले.

"हे काय गं?" तो उभाच राहिला. "हा तोच रस्ता?"

"व्हय. तोच हाय."

"मग जानेवारीत तर..."

"तेव्हा आजीनं केला हुता, सर. तुमच्यासाठी."

मग तिने त्याला पत्राचे सांगितले. बसचे, डेपोच्या माणसाचे, दिवाळीचेही सांगितले.  अतुल ऐकत होता आणि त्याचे कान लाल होत होते. "मी पाच स्टार दिले होते," तो म्हणाला. सरिताला ते कळले नाही. मला कळले.

त्याने शहरात जाऊन साहेबांची गाठ घेतली. पाऊस असतानाच पुन्हा या, असा हट्ट धरला. साहेब हो म्हणाले. गावात पुन्हा बैठक झाली. या वेळी अप्पारावांनी एकेकाकडून शब्द घेतला, की रस्त्याला कुणी हात लावायचा नाही. खडा उचलायचा नाही. दारापुढे सडासुद्धा नको.

"आन तोंडानं माफी मागायची नाय," इलियासभाई गोजरबाईकडे बघून म्हणाला. "गोजराबहेन, तुमकूच बोल्तूं मैं."

मित्रांनो, आहे तसे उघडे पडून राहणे किती अवघड असते ते मला त्या दिवशी कळले. सकाळी गोजरबाई उठली, तिने सवयीने घमेले उचलले आणि माझ्या पहिल्या खड्ड्यापर्यंत आली. तिथे उभी राहिली. हात वळवळत होते. सरिताने येऊन घमेले तिच्या हातातून काढून घेतले, तेव्हा म्हातारी म्हणाली, "पाव्हनं यायलेत गं, आन दारात असा राडा." मग ती घरात गेली आणि दार लावून बसली. मलाही वाटत होते, निदान वळणावरचा तेवढा एक खड्डा कुणी बुजवावा. पण मी गप्प राहिलो. या वेळी अंग आवळायचे नाही, असे मी ठरवले होते.

साहेब दहा-बारा जणांबरोबर आले. पहिल्या किलोमीटरलाच बोलणे बंद झाले. ओढ्यावर त्यांचे पुढचे चाक रुतले आणि ते आडवे पडले. लागले नाही, पण डोक्यापासून पायापर्यंत काळे झाले. आणि झाले! सगळे ठरवलेले पाण्यात गेले. अप्पाराव धावले, "नाय नाय साहेब, रोज एवढा नसतो," असे त्यांच्याच तोंडून निघाले. कुठून कळले कोण जाणे, गोजरबाई तांब्या घेऊन ओढ्यापर्यंत आली. ती साहेबांच्या हातावर पाणी घालू लागली आणि म्हणू लागली, "माफ करा साहेब. लई लाज वाटती. माफ करा."

मला दिसत होते, पुन्हा तेच होणार, पुन्हा शाल, पुन्हा नारळ. तेवढ्यात सरिता पुढे आली. गणवेश घातलेला, सायकल खांद्यावर. तिने आजीच्या हातातला तांब्या धरला.

"माफी कशाची मागतीस, आजी?" ती म्हणाली. मग साहेबांकडे वळली.  "साहेब, जानेवारीत तुम्ही आलात तो रस्ता तुमच्यासाठी केला हुता. तीन दिवस आजी खडी फोडत हुती. आमचा रस्ता हा हाय."

 साहेबांच्या हातावरून पाणी ओघळत होते.

"तू कॉलेजला कशी जातेस?" त्यांनी विचारले.

"कोरडं असलं की सायकलवर. वल्लं असलं की कधी चालत, कधी जातच नाय."

"या महिन्यात किती दिवस गेलीस?"

"सहा."

साहेब सायकलवर पुन्हा बसले नाहीत. ती ढकलत तिच्याबरोबर पाचोडपर्यंत चालत गेले. मी त्यांची पावले मोजली नाहीत, पण ती जड होती.

आज दिवाळी होऊन बारा दिवस झाले आहेत. माझ्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या आहेत, चुन्याची रेघ मारली आहे. ओढ्याजवळ नव्या खडीचा एक ढीग पडला आहे. डांबर आलेले नाही. बसही नाही. सोमनाथ दिवाळीला आला होता. त्याने खुंट्या पाहिल्या, ढीग पाहिला. सरिताला तो "जा" म्हणाला नाही, "नको" असेही म्हणाला नाही. सध्या सगळे कोरडे आहे, म्हणून ती जाते. एक दिवस जरी बुडाला तरी हजेरी भरणार नाही, असे तिने आजीला सांगितले ते मी ऐकले आहे. अवकाळी आला तर काय, हे तिला कुणी विचारत नाही.

मित्रांनो, डांबर पडले की शहरातले सायकलवाले माझ्याकडे येणार नाहीत. त्यांना खडी लागते. ते दुसरा एखादा रस्ता शोधतील. गोजरबाईने एकोणिसाव्या वर्षी फिरवून बसवलेले दगड डांबराखाली जातील आणि पुन्हा कुणाला दिसणार नाहीत. मला त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू? पण तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीचे कुणी त्या यादीपाशी बसत असेल, तर त्याला माझा निरोप सांगा. मला झाकून टाका. लवकर झाका. आणि तुम्ही कधी कुठे फिरायला गेलात, एखादा रस्ता फार आवडला, तर फोटो खुशाल काढा. पण तिथल्या एखाद्या मुलीला विचारा, पावसात तू शाळेला कशी जातेस? ती काय सांगते ते ऐकून मग चांदण्या द्या. रस्त्याची काळजी पाहुणे येणार असतात त्या दिवशी सगळेच घेतात. माझी कुणी घ्यायचीच असेल, तर ज्या दिवशी कुणीही येणार नसते आणि सरिताला जायचे असते, त्या दिवशी घ्या.

आज सकाळपासून आभाळ भरून आले आहे. सरिता साडेसहालाच गेली. आता दुपार झाली आहे आणि नदीपलीकडे पाऊस दिसतो आहे. गोजरबाई वेशीत येऊन बसली आहे, इलियासभाईने पंक्चरचे काम हातात तसेच धरले आहे. तिकडून, वळणावरून, बिनमडगार्डाची एक सायकल येते आहे. मी अंग आवळून घेतले आहे. त्या दिवशी साहेबांसाठी धरला होता, त्याहून घट्ट मी एकेक दगड धरून ठेवला आहे.